मूल शिकायला बाहेर चाललं, घरच्या पैशांचं काय? गोव्यातल्या आईवडिलांचे नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात, कधी फोंड्यातून कधी डिचोलीतून, आणि प्रश्न बहुतेक तेच तेच, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. मी सीए वगैरे नाही. दोन मुलं बाहेर शिकवली आणि आयुष्यभर एका सहकारी संस्थेत हिशोब लिहिले, तेवढीच माझी पुंजी. ज्याला जो प्रश्न लागू आहे तो वाचा, बाकीचं सोडून द्या.

पगारपाणी बरं आहे, बँकेत थोडंफार आहे, तरी जून ते सप्टेंबर हात एवढा का आखडतो?

कारण गोव्यात पैसा येतो एका मोसमात आणि कॉलेज मागतं दुसऱ्या मोसमात. टॅक्सी, शॅक, हॉटेल, गेस्ट रूम, वॉटर स्पोर्ट, या सगळ्यांचा सीझन ऑक्टोबर ते मे. ट्रॉलरवाल्यांची तर १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद असते. आणि नेमकं याच काळात अॅडमिशन, पहिल्या वर्षाची फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, लॅपटॉप, गाद्या-बादल्या आणि जाण्यायेण्याचा खर्च येऊन पडतो, ते कसंबसं निभावलं की चवथ म्हणजे गणेशचतुर्थी उभी, माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळा-पानांचं) सामान, नवे कपडे, पाहुणे, भटजी, फटाके. सरकारी नोकरीवाल्यांना पगार दर महिन्याला येतो तरी त्यांचीही हीच गत होते, कारण वर्षाचा खर्च ते बाराने भागून डोक्यात ठेवतात आणि प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त खर्च या तीन-चार महिन्यांतच कोसळतो.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, किती लागणार हे विचारायच्या आधी कधी लागणार ते विचारा. समजा मुलाचा वर्षाचा सगळा खर्च ३ लाख ६० हजार आहे. बाराने भागलं तर महिना ३० हजार वाटतात. पण तुमची कमाई सीझनची असेल तर ८ महिन्यांनी भागा, ४५ हजार येतात, आणि खरा आकडा तो आहे. ऑक्टोबरपासून तेवढे बाजूला काढले तर पावसात सोनं घेऊन बँकेत जावं लागणार नाही. वेगळं खातं करा आणि त्याचं एटीएम कार्ड घेऊच नका.

आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असायचा, बारा चौकोन आणि प्रत्येकात त्या महिन्यात बाहेर जाणारी मोठी रक्कम, गाडीचा विमा, घरपट्टी, सेमिस्टर फी, एलआयसीचा हप्ता. जुलैचा चौकोन इतका भरायचा की बाण काढून बाजूच्या समासात लिहावं लागायचं. मोबाईलवर अॅप आहेत याची हजार, पण डाळीचा डबा काढताना रोज डोळ्यासमोर येतं ते कागदावरचंच.

फी कळली. बाकी किती धरायचं?

ब्रोशरमध्ये छापलेली फी हा अर्धाच खर्च समजा. हॉस्टेल नाही मिळालं तर पुण्यासारख्या ठिकाणी दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून आधी द्यावं लागतं, करार बहुतेक ११ महिन्यांचा, म्हणजे मे महिन्यात मूल घरी आंबे खात असलं तरी तिकडचं भाडं चालूच. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची, तेव्हा "कशाला रजिस्टर, आपण घरचेच" म्हणणाऱ्या मालकाला हात जोडा आणि दुसरी खोली बघा, कारण डिपॉझिट परत मागायची वेळ आली की हातात कागद लागतो. मेस किंवा डबा, लाईट बिल, वायफाय, झेरॉक्स-प्रोजेक्ट, परीक्षा फी, आणि रविवारी मेस बंद असते त्याचं बाहेरचं खाणं. गोव्याच्या मुलांचा एक जादा खर्च असतो तो म्हणजे मासे, तीन आठवडे बटाटा-कोबी खाल्ली की पोर थाळी शोधायला निघतं आणि सुरमईची थाळी तिकडे काय भावाने मिळते ते त्याच्याच तोंडून ऐका.

महाराष्ट्रात मुलींना फी माफ झाली अशी बातमी वाचली. आमच्या मुलीला पुण्यात मिळेल का?

नाही. आपण मराठी पेपर वाचतो, बातम्या तिकडच्या बघतो, म्हणून हा गोंधळ होतो. ती योजना २०२४-२५ पासून महाराष्ट्राच्या रहिवासी मुलींसाठी आहे, ८ लाखांपर्यंत उत्पन्न आणि ठराविक प्रवर्ग अशा अटी आहेत, आणि गोव्याचं डोमिसाईल असलेल्यांना लागू नाही. इंजिनिअरिंगला वगैरे आपली मुलं तिकडे ऑल इंडियाच्या जागांवर किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर, जातात, त्यामुळे कोल्हापूरच्या भाच्याला जी सवलत मिळाली ती आपल्याला मिळेल असं धरून बजेट करू नका. दरवर्षी कुणीतरी या हिशोबात फसतंच.

मग गोव्यातच ठेवलेलं बरं ना?

पैशाच्या बाजूने बघितलं तर बऱ्याचदा हो. फर्मागुडीचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज, बांबोळीचं जीएमसी म्हणजे मेडिकल कॉलेज, पणजीचं फार्मसी, ताळगावचं गोवा विद्यापीठ, यांची फी बाहेरच्या खासगी कॉलेजांच्या शेजारी ठेवली तर मन शांत होतं. पण पेडण्याहून किंवा काणकोणहून रोज फर्मागुडीला कदंब बसने जाणं-येणं दोन वर्षांत मुलाला थकवतं, तेव्हा "घरून करेल" हे लिहिण्याआधी बसचं टाइमटेबल बघा, नाहीतर फोंड्यात खोली घ्यावीच लागते. कोर्स इथे आहे आणि मुलाला तो आवडतो असं असेल तर केवळ "बाहेर शिकतो" हे सांगायला मिळावं म्हणून पाठवू नका. शेजाऱ्यांना काय, ते चार दिवस कौतुक करतात.

लोन घ्यावं की एफडी मोडावी?

सरसकट उत्तर नाही, पण माझा कल सांगतो. म्हातारपणासाठी ठेवलेली एफडी मोडू नका आणि घर चालवायला लागणारे सहा महिन्यांचे पैसे तर अजिबात हलवू नका. मुलाला शिकायला बँक कर्ज देते, साठीनंतर तुम्हाला जगायला कर्ज देणारी बँक अजून मला भेटलेली नाही. मात्र फक्त शिक्षणासाठीच साठवलेलं असेल तर आधी ते वापरा, आणि उरलेल्या वर्षांना लोन काढा, पण अर्ज पहिल्या वर्षीच करून ठेवा कारण मधल्या वर्षी लोन मागायला गेलं की मॅनेजर शंभर प्रश्न विचारतो.

साधारण चौकट अशी असते: ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचे पैसे घालावे लागत नाहीत, ४ ते साडेसात लाख असेल तर जामीनदार, त्यावर गेलं की तारण. शिक्षण चालू असेपर्यंत आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून धावतं, आणि लोक इथे गाफील राहतात. हिशोब करून बघा. चार वर्षांचा कोर्स, दरवर्षी सुरुवातीला २ लाख उचलले, एकूण ८ लाख, व्याज १० टक्के सरळ. पहिल्या वर्षी व्याज २० हजार, दुसऱ्या ४०, तिसऱ्या ६०, चौथ्या ८०, आणि सुटीच्या वर्षाचे आणखी ८०. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर ८ नाही, १० लाख ८० हजार. दहा वर्षांच्या फेडीला महिना साधारण १४,३०० येतो. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना १,७०० च्या आसपास आणि शेवटी ६,७०० पर्यंत, तर मुलाचा हप्ता १०,६०० वर येतो. वर बऱ्याच बँका शिकत असताना व्याज भरलं तर १ टक्का सूटही देतात, ती मागून घ्यावी लागते, आपणहून कोणी सांगत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर केली, त्यात यादीतल्या नावाजलेल्या संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असतानाच्या काळात ३ टक्के व्याज सरकार भरतं. कॉलेज त्या यादीत आहे का हे फी भरायच्या आधी बघा, नंतर बघून उपयोग काय.

घर तारण ठेवायचं म्हटलं तर बँक नाही म्हणते. एवढं मोठं घर आहे आमचं!

घर मोठं आहे पण कागदावर कुणाचं आहे? गोव्यात हा प्रश्न इतक्या घरांत आहे की त्यावर वेगळं पान होईल. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, अजून पणजोबांचं नाव, खाली काका, आते, मुंबईची चुलत भावंडं, एक जण आफ्रिकेला गेला तो गेलाच. तुम्ही तिथे जन्मलात, घरपट्टी तुम्ही भरता, कौलं तुम्ही बदलता, पण बँकेच्या वकिलाला यातलं काही दिसत नाही, त्याला टायटल, म्हणजे कागदावरची मालकी, दिसतं. इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (वारसांत वाटणी करायचं कोर्टाचं काम) करून वाटण्या झालेल्या नसतील तर ते घर शिक्षणाच्या लोनसाठी तारण म्हणून जवळजवळ निरुपयोगी. मुंडकार म्हणून, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवरच्या घरात, राहत असाल आणि घराची खरेदी अजून पूर्ण नाही, तरी तेच.

शिवाय आपल्याकडे जुना पोर्तुगीज सिव्हिल कोड चालतो, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर असला तरी गहाण ठेवताना बायकोची सही लागतेच. आणि नवरा बोटीवर असेल तर ती सही मिळवायला पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे तो सुटीवर घरी असतानाच नोटरीकडचं काम उरकून ठेवायचं. त्याचं जहाज पुढे कुठेतरी पॅसिफिकमध्ये आणि कॉलेजची शेवटची तारीख शुक्रवारी, असं व्हायला नको.

मूल आठवी-नववीत असताना हे कागद काढायला घ्या. वाटण्यांची कामं सहा महिन्यांत होत नाहीत, आणि भावकीत बोलणी सुरू करायला फीची घाई हे सर्वात वाईट निमित्त, समोरच्याला कळतं की तुम्ही अडलाय.

सरकारचं बिनव्याजी कर्ज खरंच मिळतं का?

मिळतं. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची गोव्याच्या मुलांसाठी बिनव्याजी शिक्षण कर्जाची योजना आहे आणि अनेकांनी त्यावर शिक्षण केलंय. बँकेच्या आधी तिकडे चौकशी करा. पण कागद आधी तयार ठेवा, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कलिस्ट, अॅडमिशनचं पत्र. निकाल लागल्यावर अख्खा तालुका एकाच वेळी मामलेदार कचेरीत दाखल होतो, मग रांगेत डोकं फोडून काय होणार, मार्च-एप्रिलमध्ये दाखले काढून घ्या फक्त त्यांची मुदत बघून. आणि मंजुरी येईपर्यंत पहिला हप्ता तुमच्याच खिशातून जाणार असं धरून चाला. बिनव्याजी म्हणजे फुकट नाही, फेडायचं असतंच, हे मुलाला पहिल्या दिवशी सांगा.

लाडली लक्ष्मीचे १ लाख फीला धरू का?

नका धरू. गोवा सरकारने ती योजना २०१२ मध्ये मुळात मुलींच्या लग्नाच्या खर्चासाठी आणली, हिशोबात तिला शिक्षणाच्या ओळीत बसवू नका.

सुकन्याचं खातं २०१५ लाच उघडलंय, आता सगळे पैसे काढता येतील ना?

सगळे नाही. सुकन्या समृद्धी सुरू झाली जानेवारी २०१५ मध्ये, त्या वेळी सात-आठ वर्षांच्या मुलींची खाती लोकांनी पोस्टात रांगा लावून उघडली, त्या मुली आता कॉलेजात आहेत म्हणून हा प्रश्न सध्या खूप येतो. खातं मुदत पूर्ण करतं ते उघडल्यापासून २१ वर्षांनी. मधे शिक्षणासाठी, मुलगी १८ ची झाली किंवा दहावी पास झाली की मागच्या आर्थिक वर्षाअखेरीच्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत काढता येतात, एकदम किंवा वर्षाला एकदा असं पाच वर्षांपर्यंत, आणि अॅडमिशनचा व फीचा कागद दाखवावा लागतो. काढता येतात म्हणून काढायलाच पाहिजेत असं नाही, व्याज चांगलं आहे आणि करमुक्त आहे, दुसरी सोय असेल तर तिथेच राहू द्या.

पीपीएफमधूनही सातव्या वर्षापासून काही भाग काढता येतो. तो शेवटचा पर्याय ठेवा.

मूल १८ चं झालं, खात्यांचं काय काय करायचं?

वाढदिवसाच्या महिन्यातच करून टाका नाहीतर फी भरायच्या दिवशी खातं अडकतं. मायनर खातं मेजर करायचं, नवी केवायसी, नवी सही. पॅन कार्ड फोटो-सहीसकट अपडेट. मायनरच्या नावावर म्युच्युअल फंड असेल तर १८ पूर्ण झाल्यावर एसआयपी थांबते आणि कागदपत्र दिल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. जून-जुलैत वाढदिवस असलेल्या पोरांच्या आईबापांनी हा परिच्छेद दोनदा वाचा, पंधरा वर्षं साठवलेले पैसे फीच्या आठवड्यात स्क्रीनवर दिसतात आणि हातात येत नाहीत.

टॅक्समध्ये काही वाचतं का?

जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. तिथे दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी दीड लाखाच्या मर्यादेत धरता येते, हॉस्टेल-मेस नाही, आणि शिक्षण कर्जाच्या व्याजाची आठ वर्षं वजावट मिळते, मुद्दलाची नाही. नव्या करप्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत, आणि आता न सांगता तीच लागू होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदाही लागू झालाय, त्यामुळे कलमांचे जुने आकडे पाठ असले तरी फॉर्म भरताना नवे बघून घ्या.

गोव्यातल्या जोडप्यांची एक गोष्ट बाहेरच्या सीएला पटकन कळत नाही. सामाईक मालमत्तेच्या नियमामुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे एफडीचं व्याज, भाडं, धंद्याचा नफा, नवराबायकोत अर्धं-अर्धं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. जुन्या कायद्यात हे कलम ५ए होतं. म्हणून "बायकोच्या नावावर एफडी टाकतो, टॅक्स वाचेल" हे पुण्याच्या मित्राचं ऐकून करण्यात काही अर्थ नाही, आपल्याकडे आधीच अर्धं तिचं आहे. मूल १८ च्या वर गेलं की त्याला भेट दिलेल्या पैशांवरचं व्याज मात्र त्याच्याच नावावर धरतात, तुमच्यात मिळवत नाहीत.

सगळे पैसे गावच्या सोसायटीत आहेत, व्याज जास्त मिळतं. ठेवू का तिथेच?

मी स्वतः अशा संस्थेत काम केलंय म्हणून हे सांगायला मला जड जात नाही. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँक धरून, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. क्रेडिट सोसायटीला तो नाही. संस्था चांगली असेल, चेअरमन देवमाणूस असेल, पण फी भरायच्या वर्षाचे पैसे तिथे ठेवू नका. अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी आख्खं मुद्दल टांगणीला लावायचं नाही. जत्रेच्या वर्गणीचे पैसे ठेवा हवं तर.

महिन्याला किती पाठवायचे आणि कसे?

रक्कम मुलाला बसवून त्याच्याकडूनच लिहून घ्या, तुम्ही ठरवलीत तर ती कमीच वाटते आणि त्याने ठरवली तर संपवताना त्याला लाज वाटते. पहिले दोन महिने थोडं ढिलं सोडा, नव्या गावात चुका होणारच. मग एक तारखेला भाडं-मेसचे आणि दर सोमवारी हातखर्चाचे असे दोन भाग करा. सगळे एकदम पाठवले तर वीस तारखेला "बाबा, जरा पाठवा ना" येतंच, आणि बापाने नाही म्हटलं की आई गुपचूप जीपे करते, हे घरोघरी चालतं, त्याला उपाय नाही.

यूपीआय सर्कल म्हणून एक सोय आहे, तुमच्या खात्यातून मूल स्वतःच्या फोनवरून पैसे देऊ शकतं, महिन्याला १५ हजार आणि एका वेळी ५ हजार ही वरची मर्यादा, त्याच्या आत तुम्ही आपली मर्यादा लावायची. पहिल्या वर्षाला बरं आहे. पण प्रत्येक चहाचा मेसेज तुमच्या फोनवर येतो, आणि तो बघून "दिवसाला चार चहा?" असं विचारायला फोन करणार असाल तर वापरू नका.

आणि एक महत्त्वाचं, मुलांना स्पष्ट सांगा की आपलं खातं, सिम, एटीएम कार्ड कुणालाही वापरायला द्यायचं नाही. "तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, दोन हजार तुझे" असं सांगणारे कॉलेजच्या आसपास फिरत असतात, तो पैसा फसवणुकीचा असतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. काही गडबड झालीच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर ताबडतोब फोन.

तीन कॉलेजांत पैसे भरून सीट अडवून ठेवलीय. परत मिळतील?

बाहेरची खासगी कॉलेजं आपल्या निकालाआधीच पैसे मागतात आणि घाबरून भरले जातात, समजू शकतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत असं आहे की प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर प्रोसेसिंगचे जास्तीत जास्त ५ टक्के किंवा ५ हजार कापून बाकी सगळे परत, मग ९० टक्के, ८०, ५० असं उतरत जातं आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की शून्य. कधीकधी यूजीसी त्या वर्षापुरती सोपी तारीखही काढते, २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा होता. रद्द करतोय हे ईमेलवर लिहून कळवा, फोनवरचं बोलणं मोजत नाहीत. ओरिजिनल मार्कलिस्ट अडकवून ठेवायचाही कॉलेजला अधिकार नाही. तरी पैसे हातात पडायला महिने जातात, तेव्हा परत येणाऱ्या पैशांवर दुसऱ्या कॉलेजची फी अवलंबून ठेवू नका.

पुण्याला मावशी आहे, तिच्याकडे ठेवलं तर भाडं वाचेल ना?

भाडं वाचेल. पहिला महिना ठेवा, तोवर खोली बघा. त्याहून लांबलं तर महिन्याचे पैसे मावशीला द्या, ती नको म्हणेल, तरी द्या, निदान गॅस आणि किराण्याचे, आणि गोव्याहून जाताना काजू-कोकम-सुकी मासळी नेली म्हणजे फेडलं असं समजू नका.

मोठ्यावर एवढा खर्च झाला, धाकटीच्या वेळी काय?

दोघांची वर्षं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. अंतर तीन वर्षांचं आणि कोर्स चार वर्षांचा असेल तर एक वर्ष असं येतं की दोन्ही फी एकत्र, ते वर्ष आजच लाल पेनाने गोल करा. मोठ्याला लोन काढून दिलं असेल तर धाकटीलाही तोच नियम, आणि मोठ्याला घरचे पैसे दिले असतील तर तिला "तू मुलगी, इथेच बीकॉम कर" असं सांगू नका. गोव्याच्या कायद्यात मुलगा-मुलीचा वारसा सारखा आहे आणि मालमत्तेतला मुलांसाठी राखलेला अर्धा भाग मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही, मग शिक्षणातच हात का आखडायचा?

मूल गेल्यावर घरखर्च कमी होतो का?

सिलिंडर जास्त दिवस जातो, पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) पाव कमी घेतो, वायफायचा प्लॅन उतरवता येतो. बाकी काही नाही. वाचलेले पैसे तिकिटांत जातात.

आजारी पडलं तर?

घरच्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आरोग्य विम्यात, मुलाचं नाव साधारण २५ वर्षांपर्यंत चालतं, पॉलिसीत बघून घ्या, आणि ई-कार्ड त्याच्या फोनमध्ये असू द्या. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड कुठल्याही हॉस्पिटलात चालत नाही, यादीतल्याच हॉस्पिटलात चालतं, म्हणून बाहेर राहणाऱ्या मुलाला फक्त त्याच्यावर सोडू नका.

पोर्तुगीज पासपोर्ट काढून दिला तर शिक्षण स्वस्त पडेल म्हणतात?

युरोपात शिकायचं पक्कं असेल तर विचार करा, नुसतं "असू दे" म्हणून नको. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळतं. आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय मुलांना नीट, जेईईच्या प्रवेशात एनआरआय कोट्यातल्या जागाच मिळतात, म्हणजे नंतर मन बदललं आणि इथेच डॉक्टर व्हायचं ठरलं तर खर्च कित्येक पटीने वाढतो. इंग्लंडला तिथल्या स्थानिक मुलांइतकी कमी फी पडेल ही आशाही ब्रेक्झिटनंतर संपल्यात जमा.

चवथीला घरी आणायचं तिकीट?

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं. तारीख कॅलेंडरवर लिहा आणि सकाळी ८ ला बसा. मुंबईहून कोकणकन्या आणि मांडवी चाकरमान्यांनी काही मिनिटांत भरतात, पुण्याहून रोजची म्हणाल तर गोवा एक्सप्रेस एकच. स्लीपर बसचे दर त्या आठवड्यात काय होतात ते सगळ्यांना माहीत आहे. परतीचं तिकीट आधी काढा, येताना कसंही येता येतं.

त्याची स्कूटर पाठवू का? इथे नुसती उभी आहे.

पहिल्या सेमिस्टरला नको. पार्किंग, पोलीस आणि मित्रांनी मागणं, तिन्ही एकदम सुरू होतं. दुसऱ्या वर्षी पाठवायची तर ट्रेनच्या पार्सलने जाते, टाकी रिकामी करून, आरसीची प्रत जोडून. जीए नंबरची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिकडे नव्याने नोंदवावी लागते, त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी आणि तिकडचा रोड टॅक्स. गाडी जुनी असेल तर त्या खर्चापेक्षा तिकडे बसचा पास काढलेला परवडतो.